हलव्याचे काटे

गेल्या डिसेंबरच्या अखेरीस ताईने फॅमिली ग्रुपवर एक लिंक टाकली. तिच्या धाकट्याचं पहिलं बोरन्हाण होतं, त्यासाठी हलव्याच्या दागिन्यांचा संच. मुकुट, हार, बाजूबंद, कडी, कमरपट्टा आणि एक बासरी. घरपोच, तीन दिवसांत. सगळ्यांनी पटापट अंगठे वर केले. वीसेक मिनिटांनी आजीचा व्हॉइस मेसेज आला, "विकतचं कशाला गं? मी करते की."

यावर कोणीच काही बोललं नाही. आजी ८१ वर्षांची आहे आणि तिला गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मधुमेह आहे. पायांची बधिरता आता हाताच्या बोटांपर्यंत आली आहे. मागच्या वर्षी पोळ्या करताना तिचं बोट तव्याला लागलं, ते तिला दुसऱ्या दिवशी फोड आल्यावर कळलं. आणि हलवा करतात तो बोटांनी.

आमच्या धंद्यात एखादा जुना माणूस प्रोजेक्ट सोडून चालला की त्याच्याकडून केटी घेतात, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. तो बोलतो, आपण माना डोलावतो, एक डॉक्युमेंट तयार होतं आणि ते पुन्हा कोणी उघडत नाही. मी ताईला म्हटलं, ऑर्डर थांबव, मी आजीकडे जाऊन केटी घेतो. जानेवारीचा पहिला शनिवार होता. बरोबर ताईची थोरली, वय वर्षं ६. तिच्या शाळेत नुकताच नाताळ झाला होता आणि तिने वर्गात बिस्किटांचं घर करून त्यावर रंगीत गोळ्या चिकटवल्या होत्या. त्यामुळे गोळ्यांपासून दागिने करणं तिला मुळीच विचित्र वाटलं नाही. "आपण खायचे पण ना?" एवढाच तिचा प्रश्न होता.

बाहेर वाढलेल्या मित्रांसाठी थोडा खुलासा. हा हलवा म्हणजे गाजराचा नव्हे. (पापलेटचा काळा भाऊ तर नव्हेच नव्हे.) संक्रांतीचा हलवा म्हणजे तिळाच्या दाण्यावर साखरेच्या पाकाची पुटं चढवून केलेला पांढरा, काटेरी दाणा. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर याच दाण्यांचे दागिने घालतात, जावयाच्या हातात हलव्याने मढवलेला नारळ देतात. लहान मुलाला संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान काळं झबलं आणि हे दागिने घालून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे, हलवा असं सगळं ओततात. बाकीची पोरं ते लुटतात. हे झालं बोरन्हाण.

कृती ऐकायला सोपी आहे. साखरेचा एकतारी पाक करायचा, त्यात जरासं दूध घालून वर येणारी मळी काढून टाकायची. जाड बुडाच्या पसरट भांड्यात निवडलेले तीळ घ्यायचे, खाली अगदी मंद आच. एक चमचा पाक घालायचा आणि दाणे बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचे, सुकेपर्यंत. मग दुसरा चमचा. असं दिवसाला दोन-तीन तास, चार दिवस. थंडी हवी, हवेत ओल नको.

पहिल्या दिवशी मी हे सगळं तंतोतंत केलं आणि संध्याकाळी माझ्याकडे गुळगुळीत, गोल, मोत्यासारखे दाणे तयार होते. मला ते फार आवडले. आजीने ताटली डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "हे काय, काटे कुठायत?"

काटे का येतात, हे तिला सांगता येईना. "पाक थोडा थोडा घालावा." किती थोडा? "बोटाला कळतं." आच किती? "बोटाला सोसेल इतकी." साठ वर्षांची माहिती त्या बोटांत साठवलेली, आणि आता ती तिला स्वतःलाच वाचता येत नव्हती. रात्री एक वाजता, बोटांवर पाकाची पुटं वाळलेली अशा अवस्थेत, अस्मादिकांनी शेवटी तेच केलं जे आयटीवाला करतो. एरर मेसेज सर्च केला. काटे का येत नाहीत.

उत्तर सापडलं जपानमधे.

तिथे कोंपेइतो नावाची एक गोळी मिळते. फोटो पाहिला तर आपला हलवाच, फक्त आकाराने मोठा आणि रंगीबेरंगी. हे नाव पोर्तुगीज ‘कॉन्फेइतो’ वरून आलं, म्हणजे साखरेची पुटं चढवलेलं बी. १५६९ साली लुईश फ्रोइश नावाचा जेझुइट पाद्री क्योतोला ओदा नोबुनागाच्या भेटीला गेला तेव्हा त्याने नजराणा म्हणून काचेच्या बरणीत या गोळ्या नेल्या होत्या. निम्मा जपान टाचेखाली आणणारा सरदार आणि त्याला भेट काय, तर बरणीभर गोळ्या! पण तेव्हा साखर तिथे इतकी दुर्मिळ होती की ते शोभून गेलं. हा फ्रोइश १५४८ साली गोव्यात उतरला होता, तिथेच शिकला, पुढे गोव्यातच त्याला दीक्षा मिळाली आणि मग १५६३ साली तो जपानला पोचला.

जपानी लोकांनी गोळी खाल्ली, पण ती करतात कशी हे त्यांना बराच काळ उमगेना. इहारा साइकाकु या लेखकाच्या १६८८ सालच्या ‘निप्पोन एइताइगुरा’ या पुस्तकात (माणसं श्रीमंत कशी झाली याच्या गोष्टींचं पुस्तक, आजच्या स्टार्टपवाल्यांना आवडेल असं) याची एक गोष्ट आहे. नागासाकीतला एक गरीब माणूस दोन वर्षांहून जास्त काळ या कोड्यावर डोकं खपवतो, शेवटी गुपित शोधतो आणि गब्बर होतो. गुपित काय होतं? आत तीळ असतो!

मी खरोखर खुर्चीतून उठलो. साइकाकुने हिशेबही दिलाय: एक शो तिळातून २०० किन गोळ्या. एक शो म्हणजे सुमारे १.८ लिटर, वजनात साधारण किलोभर तीळ. २०० किन म्हणजे १२० किलो. वजन शंभरपटीच्या वर. आमचे ५० ग्रॅम तीळ चार दिवसांनी जेमतेम साडेचारशे ग्रॅम झाले होते, म्हणजे नऊपट. तेव्हा साइकाकुचा तो माणूस भांड्यापाशी किती दिवस बसला असेल याचा अंदाज करा. आजही क्योतोत तिरक्या, तापलेल्या, फिरत्या कढईत ही गोळी करायला दोन आठवड्यांच्या वर लागतात. हल्ली आत तिळाऐवजी जाड साखरेचा कण घालतात.

आणि काटे? त्याबद्दल तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञाने १९२७ साली लिहिलेलं आहे. त्याचा प्रश्न मोठा छान होता. दाणा सगळीकडून सारखाच फिरतोय, पाक सगळीकडे सारखाच लागायची शक्यता, मग हिशेबाने गोल गुळगुळीत चेंडू व्हायला हवा. तो होत नाही. कारण सुरुवातीला कुठेतरी योगायोगाने सूक्ष्म उंचवटा येतो. तो उंचवटा भांड्याला आणि पाकाला आधी टेकतो, त्यावर इतर जागेपेक्षा जरा जास्त साखर बसते, तो आणखी उंच होतो, म्हणून आणखी आधी टेकतो. पॉझिटिव्ह फीडबॅक. सरासरी काढणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही, कारण सगळा खेळ त्या पहिल्या बारीकशा फरकाचा आहे.

म्हणजे माझी चूक कळली. मी चमचा भरून पाक ओतत होतो. खळगे आणि उंचवटे सगळेच बुडत होते आणि दाणा दर वेळी पुन्हा गुळगुळीत होत होता. आजीचं "थोडा थोडा" म्हणजे उंचवट्यांपुरताच. दुसऱ्या दिवशी पाव चमच्याने सुरुवात केली. दुपारपर्यंत दाण्यांना खरखर आली.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी मी घरून काम केलं, म्हणजे लॅपटॉप ओट्यावर आणि कॉल म्यूटवर. भांडं हलवताना हात आपोआप चालतो आणि डोकं मोकळं राहतं, त्यामुळे रात्रीचं वाचन चालूच राहिलं.

शब्दांचा प्रवास बघा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसाच्या पदार्थांची यादी आहे: फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा. शर्करेची फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर, पुढे युरोपभर शुगर, झुकर वगैरे. खंडाचं फारसीत कंद, अरबीतून फ्रेंचमधे कांदी आणि इंग्रजीत कँडी. भाचीच्या बिस्किटाच्या घरावरची कँडी म्हणजे आपलीच खांड. सातव्या शतकात, ६४७ साली, चीनच्या ताइझोंग सम्राटाने साखर करायची विद्या शिकायला मगधात माणसं पाठवली होती. आणि मग हिंदीत पांढऱ्या साखरेला चीनी म्हणू लागले आणि खडीसाखरेला मिस्र, म्हणजे इजिप्तवरून, मिसरी. (मराठीत मिश्री म्हटलं की दात घासायची, तो मान वेगळा.) आमच्या संक्रांतीच्या पदार्थाचं नाव, हलवा, हे तर सरळ अरबी. गोड, एवढाच त्याचा अर्थ.

यादीतल्या फाणिताची गोष्ट मला सगळ्यात आवडली. फाणित म्हणजे आटवलेला उसाचा रस, काकवीचा भाऊ. फारसीत पानीद, अरबीत फानीद, स्पेनमधे अल्फेन्यिके. स्पॅनिश लोकांबरोबर हा शब्द मेक्सिकोत गेला आणि तिथे साखरेच्या लगद्यापासून केलेल्या आकृत्यांना चिकटला. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला मेक्सिकोत मृतांचा सण असतो, त्यासाठी साखरेच्या कवट्या, मेंढ्या, छोट्या शवपेट्या करतात. तोलुका गावात दरवर्षी त्यांचा बाजार भरतो, नावच अल्फेन्यिकेचा बाजार. मुलं रंगीत आयसिंगने कवट्यांवर डोळे आणि फुलं काढतात, कपाळावर आपलं किंवा मित्राचं नाव लिहितात आणि मग ती खातात. कौटिल्याच्या कोठारातला शब्द आज तिथल्या पोरांच्या दातांखाली आहे.

साखरेच्या शोभेच्या वस्तूंचा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते. सुरुवात राजवाड्यात होते. अकराव्या शतकाच्या मध्यात नासिर खुस्रो हा फारसी प्रवासी कैरोत होता. तिथल्या सुलतानाच्या ईदच्या मेजवानीत त्याने संत्र्याच्या झाडासारखं एक झाड पाहिलं, फांद्या, पानं, फळं सगळं साखरेचं, आणि भोवती साखरेच्याच असंख्य बाहुल्या. चारेकशे वर्षांनी त्याच शहराबद्दल अल मक्रीझी (मृत्यू १४४२) लिहितो की रजब महिन्यात मिठाईच्या बाजारात दुकानादुकानांत साखरेचे घोडे, सिंह, मांजरं दोऱ्याने टांगलेली असत आणि लहानमोठा असा कोणी नसे जो आपल्या मुलांसाठी ती घेत नसे. साखर स्वस्त होत जाते तशी राजाच्या टेबलावरून उतरते आणि पोरांच्या हातात येते. कैरोत पैगंबर जयंतीला मुलींना साखरेची बाहुली आणि मुलांना साखरेचा घोडेस्वार देतात. कर्नाटकात संक्रांतीला लाकडी साच्यातले सक्करे अच्चू असतात. आपल्याकडे होळी-पाडव्याला सागवानी साच्यात मधोमध दोरा ठेवून पाक ओततात, त्या गाठ्या. एक माळ गुढीला, आणि हार-कडी पोरांच्या गळ्यात, मनगटात. गळ्यातली माळ संध्याकाळपर्यंत चाटून चाटून निम्मी झालेली असते.

पण साखर स्वस्त झाली कशी, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. सिडनी मिंट्झ यांचं १९८५ सालचं ‘स्वीटनेस अँड पॉवर’ हे पुस्तक त्यावरच आहे. ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवरचे मळे, आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम, आणि त्या जिवावर लंडनच्या कामगाराच्या चहात पडलेला चमचा. आपल्याकडे वेगळी वाट होती: १९५० च्या सुमारास प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्या काही दशकांत उसाने राज्याचं राजकारणच व्यापलं. तरीही आजी सांगते, तिचं लग्न होऊन ती सांगलीकडे आली तेव्हा चहूबाजूंनी ऊस आणि साखर रेशनवर. तिच्या सासूबाई दिवाळीपासून रोज चहात अर्धा चमचा कमी घालून साखर बाजूला टाकत, संक्रांतीच्या हलव्यासाठी. "आम्ही फिका चहा पीत असू आणि सून मात्र साखरेने मढवलेली," असं म्हणून ती हसली.

आणि संक्रांत म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. बीडकडून आलेले ऊसतोड कामगार तेव्हा फडावर असतात, नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ अशी त्यांची मोजणी होते, आणि शाळा बुडवून आलेली पोरं कोपीपाशी धाकट्यांना सांभाळत असतात. दरवर्षी सांगलीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो की मी हॉर्न वाजवतो. या वर्षी ट्रॉलीच्या वर बसलेली दोन मुलं दिसली आणि डिकीत आमच्या दागिन्यांचा डबा होता. हॉर्न वाजवला नाही, इतकंच.

असो. बोरन्हाणाबद्दल एक सांगायचं राहिलं. डोक्यावरून गोड ओतण्याचा आमचा प्रकार जगावेगळा असेल असं मला वाटायचं. इटलीत कार्निव्हलमधे शेकडो वर्षं साखरेची पुटं चढवलेले धने माणसांच्या अंगावर उधळत. महाग पडतं आणि लागतंही, म्हणून खडूच्या गोळ्या आल्या आणि १८७५ च्या सुमारास मिलानमधे कागदाच्या टिकल्या. रेशीमकिड्यांच्या तबकांसाठी कागदाला भोकं पाडत, त्याचा तो उरलेला कचरा. वाढदिवसाला आपण फुगा फोडून जी कॉन्फेटी उडवतो तिचं नाव मूळ गोळ्यांचं. इटालियनमधे मात्र कॉन्फेत्ती म्हणजे अजून लग्नात वाटायचे साखरबदाम, आणि कागदी टिकल्यांना म्हणतात कोरिआन्दोली. धने! ताईने या वर्षी बोरांबरोबर कागदी कॉन्फेटी आणली होती. आजी म्हणाली, "हे कशाला, खाता येत नाही." मला वाटतं इतिहास आजीच्या बाजूने आहे.

दागिने करण्याचं काम भाचीने ताब्यात घेतलं. दाण्याला भोक पाडता येत नाही, फुटतो. दोऱ्याचा फास करून त्यात एकेक दाणा अडकवायचा आणि गाठ आवळायची. फार आवळली तर दाणा तुटतो, सैल राहिली तर निसटतो. माझे दहातले चार फुटले, तिचे दोन, आणि तिने फुटलेले खाल्ले. शेवटी शेवटी तिचे जरा जास्तच फुटायला लागले. बाजारात हल्ली पुठ्ठ्यावर गोंदाने दाणे चिकटवतात, ते पटकन होतं पण मग खाता येत नाही. त्या वेळी ताईने टाकलेल्या लिंकची किंमत मला महाग वाटली होती. चार दिवस आणि दोन संध्याकाळी खर्ची घातल्यावर, माझ्या पगाराने नको, साध्या मजुरीने हिशेब केला. ज्या बायका हे घरी बसून करतात त्यांच्या पदरात काय पडत असेल याचा विचार करून मी ती किंमत पुन्हा पाहिली. फार कमी होती.

चौथ्या दिवशी हलवा झाला असं मला वाटलं तेव्हा ताटली आजीपुढे ठेवली. तिने एक दाणा उचलला, अंगठा आणि तर्जनीत फिरवला, पुन्हा फिरवला. तिला काही कळलं नाही, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिने तो जिभेवर ठेवला, तोंडातल्या तोंडात एकदा घोळवला आणि लगेच तळहातावर काढून घेतला.

"आलेत," ती म्हणाली. "पण एका बाजूला जास्त आलेत. तू एकाच दिशेने फिरवतोस."

बोरन्हाणाच्या दिवशी मुकुट बाळाच्या डोक्यावर चाळीस सेकंद टिकला. बासरी सरळ तोंडात गेली. फोटोत सगळं छान दिसतंय. बाजूबंद तेवढा डब्यात घालून ठेवला होता, त्याला तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या. आजी म्हणते पुढच्या वर्षी साबुदाण्याचा करू, तो मोठा असतो, बांधायला सोपा. मी डॉक्युमेंट लिहून ठेवलंय. पाव चमचा, मंद आच, दोन्ही दिशांनी. त्यात "बोटाला सोसेल इतकी" ही ओळ तशीच आहे. थर्मामीटर आणला होता, पण भांड्यात दर दोन बोटांवर वेगळं तापमान दाखवत होता.